पाचाची जुडी

"काउंट?" निमकर सरांनी मान वर न करता विचारलं.

"करेक्ट," मी म्हणाले.

मोजले नव्हते. दारावर कुणी हाक मारली की आपण सवयीने "आले" म्हणतो ना, तसं तोंडाने म्हणून टाकलं. माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. सव्वाअकरा. या सिझेरियननंतर एक हर्निया, मग एक गर्भपिशवी, आणि दुपारनंतरची ड्यूटीही माझीच.

"सर, सुई थांबवा," माझ्या मागून साळवे सिस्टर म्हणाल्या.

सलोमी साळवे म्हणजे आमच्या ऑपरेशन थिएटरच्या इनचार्ज. छप्पन वर्षांच्या, लग्न न केलेल्या, नाकावर चष्मा, आणि आवाज असा की भांडताना सुद्धा शेजारच्या टेबलावर ऐकू जायचा नाही. श्रीरामपूरच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात सरसुद्धा त्यांना वचकून असायचे.

"कुंदा, ट्रॉलीवरचे मोज. मोठ्याने."

पोटात रक्त टिपायला आम्ही कापडाचे जाड, चौकोनी तुकडे वापरायचो. त्यांना मॉप म्हणतात. सुरुवातीला किती घेतले ते फळ्यावर लिहायचं. पोट शिवायच्या आधी वापरलेले एकीने मोजायचे, ट्रॉलीवर उरलेले दुसरीने, आणि बेरीज फळ्याशी जुळली तरच "करेक्ट" म्हणायचं. एवढा एकच शब्द, पण तो ऐकल्याशिवाय डॉक्टर पोट बंद करत नाहीत. फळ्यावर दहा होते. साळवे सिस्टरांच्या बाजूला वापरलेले नऊ लटकत होते. माझ्या ट्रॉलीवर एकही नव्हता.

"एकही नाही," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा हात आत घातला.

बाई जागी होती. कमरेत इंजेक्शन दिलेलं, त्यामुळे दुखत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. टाकळीभानची छबू नावाची पोर, जेमतेम बावीसची. पडद्याच्या पलीकडून तिने विचारलं, "काय झालं हो शिष्टर? बाळ बरंय ना माझं?"

"बाळ गुलाबी आहे अगदी," साळवे सिस्टर तिच्या कपाळावर हात ठेवत म्हणाल्या. "आम्ही आमचं सामान मोजतोय, बाई. बाजारातून घरी आल्यावर पिशवी बघतो का नाही आपण? तसं."

छबू हसली. तिचं पोट हललं तसे सर म्हणाले, "हसवू नका हो तिला." मग डाव्या कुशीला, आतड्याच्या मागे, त्यांना मॉप सापडला. रक्तात भिजून असा झाला होता की मांस कुठलं आणि कापड कुठलं ते कळू नये. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. साळवे सिस्टर म्हणाल्या, "दहा. आता करेक्ट."

तो आत राहिला असता तर पंधरा दिवसांत पू झाला असता, महिन्यात कदाचित ती पोर गेली असती, आणि ते गुलाबी बाळ आजीच्या हातात आलं असतं. हे मला सगळं माहीत होतं. अंगावर काटा यायला हवा होता. आणि खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात आलं ते एवढंच, की झालं! आता हर्नियाला उशीर.

हात धुवायच्या नळापाशी साळवे सिस्टरांनी मला गाठलं.

"उद्यापासून गॉजरूमला ये."

"म्हणजे? किती दिवस?"

"मी सांगेन तेव्हापर्यंत."

"शिक्षा आहे का ही?"

"तुला काय समजायचं ते समज."

"सिस्टर, सात वर्षं झाली मला. चौदा महिने दोन-दोन ड्यूट्या करतेय मी. नाहीतर तुमचं थिएटर बंद पडलं असतं! एक चूक झाली तर लगेच..."

"कुंदा," त्या म्हणाल्या, "भीती वाटली का गं तुला मघाशी?"

मी परत हाताला साबण लावायला लागले. त्यांनी नळ बंद केला आणि निघून गेल्या.

चौदा महिन्यांचं खरं होतं. आमच्या दोन नर्सेस एकदम गेल्या होत्या, एक मस्कतला आणि एक लग्न करून नाशिकला. ट्रस्ट म्हणे बघतो, बघतो, आणि बघण्यातच वर्ष गेलं. पहिले सहा महिने मला तर मोठा अभिमान होता. "कुंदाला उठवा, कुंदा करेल," म्हटलं की कॉलर ताठ. नंतर अभिमानही गेला. जेवणाची चव गेली, झोप गेली. मूल जन्मल्यावर पहिल्यांदा रडतं ना, त्या आवाजासाठी तर मी या कामात आले होते. तोही पुढे भांड्यांच्या आवाजासारखा कानावरून जायला लागला.

घरी माझी मुक्ता साडेचार वर्षांची. त्याच महिन्यात ती पायरीवरून पडली, हनुवटी फुटली. मी जखम धुतली, औषध लावलं, पट्टी मारली, हात धुतले. "झालं, गप्प आता," म्हणाले. ती रडत रडत शेजारच्या पाटणकर काकूंकडे गेली, मांडीवर बसायला. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"कुंदा, ती तुझी पोरगी आहे, पेशंट नाही," श्रीरंग म्हणाला.

"मग काय करू? नाचू?" मी म्हणाले.

अशी मी दुसऱ्या दिवशी गॉजरूमला गेले, नाक फुगवून.

गॉजरूम म्हणजे हॉस्पिटलच्या मागच्या अंगणातली पत्र्याची खोली. तिथे गॉजचे, म्हणजे पातळ जाळीदार कापडाचे, ताके यायचे. ते कापायचे, घड्या घालायच्या, मॉप शिवायचे, कोपऱ्याला नाडी लावायची, पाच-पाचाच्या जुड्या बांधून डब्यात भरायच्या, आणि डबे वाफेच्या मशीनला द्यायचे. हे सगळं हौसामावशी एकटी करायची. साठीला आलेली, मिसरीने दात काळे, आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट.

"या, म्हाराणी," तिने स्वागत केलं. "थिएटरातून काढली वाटतं?"

"काढली नाही. पाठवलीय."

"व्हय व्हय. आमच्या सासऱ्यानं पण बैल बाजारात पाठवला व्हता."

मला हसू आलं नाही. मी खाली बसले आणि घड्या घालायला लागले. कशाबशा तासभर घातल्या असतील. मग जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं, मी गॉजच्या गठ्ठ्यावर आडवी होते, आणि माझ्या अंगावर हिरवी चादर होती.

"उठवलं का नाही?" मी मावशीवर खेकसले.

"मला कुठं कुणी सांगितलंय उठवायला?"

"पाच तास झोपले मी! ड्यूटीवर!"

"घोरत व्हतीस पण," मावशी म्हणाली. "मशीन बंद हाय का चालू, कळंना मला."

पहिले दहा-बारा दिवस तसेच गेले. यायचं, थोडं काम करायचं, आणि मेल्यासारखं झोपायचं. दुपारी दोनला सुट्टी. दोनला घरी जाऊन काय करायचं तेच मला कळेना. मी घरी जाऊन परत झोपायचे. श्रीरंग बिचारा दबकत स्वयंपाक करायचा. मला कुणी काही विचारलं नाही, तक्रारही आली नाही, आणि त्याचाच मला राग यायचा. माझ्यावाचून थिएटर चाललंय तरी कसं? माझ्या जागी कोण उभं राहतंय? पण विचारायला गेले तर नावाची कुंदा नाही! मी फणकाऱ्याने विचारलंच नाही.

थिएटरची मागची खिडकी नेमकी गॉजरूमच्या अंगणात होती. दुधी काचेची. आतला दिवा लागला की काच पिवळी व्हायची, आणि स्टीलच्या ट्रेवर हत्यारं ठेवल्याचा खणखणाट यायचा. मी सुई हातात धरून त्या काचेकडे बघत बसायचे. आता निमकर सर हात पुढे करत असतील. आता कुणीतरी त्यांच्या हातात चिमटा ठेवला असेल, आणि उलटा ठेवला असेल. जीव नुसता तिकडे ओढ घ्यायचा. माहेरच्या गावावरून एसटी जावी आणि आपल्याला उतरता येऊ नये, तसं व्हायचं मला.

एकदा मावशीने माझ्या जुड्यांचा डबाच माझ्यापुढे उलटा केला.

"ही बघ. चार. ही सहा. ही चार. ही पाच, नशिबानं. ही परत चार."

"शक्यच नाही," मी म्हणाले.

"मोज की मग."

मी मोजले. चार होते.

"तू आल्यापासून रोज तुझ्या जुड्या सोडून परत बांधतीय मी," मावशी म्हणाली. "पोरीला पाचापत्तूर येईना आन् निघाली थिएटरात."

"मग मला बोलली का नाहीस आधी?"

"आधी बोलले असते तर तू रडली असतीस?"

"नाही."

"आता?"

आता मात्र माझे डोळे भरून आले होते. सात वर्षं दुसऱ्याच्या पोटातले मॉप मोजणारी मी, मला पाच मोजता येत नव्हते! पाचापर्यंत जायच्या आतच मन कुठेतरी निसटायचं, आणि निसटलं हे मला कळायचंसुद्धा नाही. छबूच्या पोटाशी हेच झालं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. तीन आठवडे उशिरा, पत्र्याच्या खोलीत, डबा पुढ्यात घेऊन.

मावशीने मिसरीची डबी पुढे केली. "घे थोडी."

"शी!" मी म्हणाले.

"मग राहिलं," म्हणून तिने डबी कमरेला खोचली.

त्यानंतर मी एकेक मॉप बोटाने सरकवून मोजायला लागले, पहिलीतल्या पोरासारखं. एक, दोन, तीन. मावशी परत मोजायची आणि चुकलेली जुडी काही न बोलता माझ्या मांडीवर टाकायची. आधी दिवसाला आठ-दहा पडायच्या. मग पाच. मग दोन.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी मी नाडी शिवत होते. काचेपलीकडून बाळाचं रडणं आलं. आधी एक बारीकसं कण्हणं, मग थोडं थांबून, छातीत हवा भरून घेऊन ठणठणीत रडणं. रोज दोन-तीनदा यायचं ते. पण त्या दिवशी माझी सुई थांबली. कितीतरी दिवसांनी तो आवाज माझ्या आत गेला. मी उठून अंगणात गेले आणि त्या दुधी काचेला हात लावून उभी राहिले. पोर की पोरगी? वजन किती? आईने बघितलं का? मला हे सगळं जाणून घ्यायचं होतं! मी तोंडात पदर कोंबून रडले.

दुपारी घरी गेले ती सरळ पाटणकर काकूंच्या ओट्यावर. मुक्ता भातुकली मांडून बसली होती. मी तिला उचलली.

"आई, सोड, माझा चहा सांडेल," ती म्हणाली. मी सोडली नाही. तिच्या हनुवटीवरचा व्रण मी पहिल्यांदा नीट बघितला.

आता मात्र मला थिएटर हवंच होतं. आधी हवं होतं ते हट्टासाठी, माझ्यावाचून अडतंय हे दाखवायला. आता त्या आवाजासाठी हवं होतं. रात्री स्वप्नात मी हात धुवायचे. साळवे सिस्टर कधी बोलावतायत याची मी दिवस दिवस वाट बघायला लागले.

आठवडाभराने त्या आल्या. टळटळीत दुपार होती, मावशी वाफेच्या मशीनकडे गेलेली. साळवे सिस्टर स्टुलावर बसल्या, बूट सैल केले. पाय सुजले होते त्यांचे. वय झालं आता, माझ्या मनात आलं.

"कशी आहेस?"

"बरी आहे, सिस्टर."

"सोमवारपासून येतेस का आत?"

काय सांगू तुम्हाला! ज्यासाठी दीड-दोन महिने तळमळले तेच त्या विचारत होत्या. तोंडापर्यंत "येते" आलं. आणि त्याच वेळी माझ्या मांडीवर मावशीने मघाशी टाकलेली जुडी दिसली. चारची. रोज एक तरी अजून चुकत होती.

आधीची मी असते तर ती जुडी गॉजखाली सरकवली असती.

"सिस्टर," मी म्हणाले, "अजून नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "नाही?"

"दिवसाला एक चुकतेय अजून. एक म्हणजे पुष्कळ झालं. आणखी थोडे दिवस द्या."

मला वाटलं रागावल्या. पण त्या म्हणाल्या, "बरं. हे बरं केलंस, पोरी." मग भिंतीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. झोपल्या की काय असं वाटण्याइतका वेळ बसल्या. मग बुटाच्या नाड्या बांधल्या, उठल्या आणि उन्हातून परत गेल्या. नाड्या बांधायला त्यांना बराच वेळ लागला होता, तो मला आजही दिसतो.

मला तर त्या दिवशी अगदी हलकं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी नाही म्हणाले होते आणि आभाळ कोसळलं नव्हतं.

बाराव्या दिवशी साळवे सिस्टर थिएटरच्या दारात कोसळल्या. डोक्यात रक्ताची गाठ. जीव वाचला, उजवी बाजू गेली. भाऊ आला आणि त्यांना देवळाली प्रवरेला घेऊन गेला. मी भेटायला पोचेपर्यंत गाडी निघून गेली होती.

त्याच आठवड्यात सहा दिवस माझी एकही जुडी चुकली नाही. सातव्या दिवशी मी आत गेले. निमकर सर म्हणाले, "या," बस्स. सही करायला ड्यूटीचं रजिस्टर उघडलं. माझं नाव कुठपर्यंत आहे बघावं म्हणून पानं मागे उलटली. मी गेल्यापासून त्या कोसळल्या तोपर्यंत, प्रत्येक दिवशी, माझ्या रकान्यात, सकाळी आणि दुपारी, एकच सही होती. स. साळवे. स. साळवे. स. साळवे. त्यांच्या स्वतःच्या रकान्यातही तीच. पन्नास-पंचावन्न दिवस.

माझ्या जागी कोण उभं राहतंय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या मला बोलवायला आल्या नव्हत्याच. त्यांच्याने होत नव्हतं म्हणून आल्या होत्या. आणि मी म्हणाले होते, अजून नाही.

पहिल्या सुट्टीला मी देवळाली प्रवरेला गेले. चर्चच्या मागे भावाचं दोन खोल्यांचं घर. साळवे सिस्टर ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या. तोंड थोडं वाकडं झालेलं, बोलणं जड पण कळण्यासारखं. मला बघून हसल्या. ते हसणं बघूनच माझा तोल गेला.

"सांगितलं का नाही मला?" मी ओरडलेच. भावजय आतून बाहेर आली. "दोन महिने! तुमच्या वयाला! मला आडवी पाडून झोपवलीत, आणि तुम्हाला कोण झोपवणार होतं? त्या दिवशी आलात, तेव्हा एक शब्द बोलला असतात तर मी आले असते की हो!"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "आली असतीस."

"मग?"

"मग परत तेच. तू पहिल्यांदा... खरं बोललीस. ते कसं मोडू?"

मी खाली ओट्यावरच बसले. भावजयीने चहा आणला. बशीतून त्यांना पाजावा लागला, तो मी पाजला. ओघळ पुसला. मग त्यांनी थिएटरचं विचारलं. कोण कोण आहे, निमकर सर चिडतात का, छबूचं पोरगं लसीला आणलं का. आणलं होतं. मी मुद्दाम जाऊन बघून आले होते, चांगलं गुबगुबीत होतं. सगळं सांगितलं.

"आणि ड्यूट्या? दोन्ही करतेस?"

"नाही. एकच. दुसरीला नाही म्हणाले. ट्रस्टचे लोक बोलावून बोलले मला, म्हटलं माणसं भरा, नाहीतर एकच टेबल चालेल. आता दोन मुली घेतायत."

"चिडले असतील."

"लालबुंद झाले!"

त्या हसल्या, अर्ध्या तोंडाने. मग समोरच्या रस्त्याकडे बघायला लागल्या.

"चौतीस वर्षं झाली, कुंदा. तू नाही म्हणालीस ना... रात्री घरी जाऊन मी आरशासमोर म्हणून बघितलं." त्यांना दम लागला. "मलाही म्हणायचं होतं गं. एकदा तरी. कुणापुढे तरी."

त्यानंतर त्या सहा वर्षं होत्या. आता मॉप तयार पाकिटातून येतात, पाचच असतात. टेबलाशी त्यांच्यासमोर आणखी एकदा उभं राहून, मोजून, "करेक्ट" म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. ती राहिली.

त्या दिवशी ओट्यावर मी त्यांच्या खुर्चीजवळ सरकले. मी त्यांचा उजवा हात माझ्या हातात घेतला. बोटं मिटत नव्हती. शेवटची एसटी गेली तरी मी तशीच बसून होते, आणि भावजय आत माझ्यासाठी भाकरी टाकायला लागली.